दादाच्या कार्डावरचा एस चोवीस

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मनुष्यप्राण्याच्या पाठीत, मान संपते तिथपासून कंबर सुरू होते तिथपर्यंत, बारा मणके असतात. आणि अमेरिका नावाच्या देशात या बारांपैकी कुठलाही मणका कुठेही, कशावरूनही पडून मोडला, तर त्याची रीतसर नोंद नाहूरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याची बरणी बाजूला सरकवून केली जाते. ही नोंद मी करते. चौदा वर्षं करते आहे. संबंधितांनी उभं राहायची गरज नाही, पण जिन्यावरून सांभाळून उतरलात तर माझ्यावर उपकार होतील.

या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. तिकडचा डॉक्टर रुग्णाला तपासतो, काय झालं ते पानभर लिहितो, आणि मी ते पान वाचून त्याचा एक कोड करते. एक अक्षर आणि पुढे आकडे. पानभर मजकूर नंतर कुणी वाचत नाही, कोड मात्र सगळे वाचतात. सुरुवातीला मला सगळे अवयव मिळायचे. गुडघे, मूत्रपिंडं, एकदा तर दिवसभर नुसते कान. मग आमच्या टीम लीडच्या लक्षात आलं की मी मणक्यांत चुकत नाही, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षात येऊ देणं ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक ठरली. तेव्हापासून माझ्या वाट्याला फक्त पाठी येतात. त्याही वरच्या.

सकाळी साडेआठला लॉग-इन केलं की पाठी सुरू. अंधेरीला ऑफिस होतं तेव्हा निदान शेजारच्या बाईशी बोलता यायचं. तिच्याकडे खुबे होते. आता घरून काम. संध्याकाळी नवरा घरी येतो आणि बूट काढता काढता विचारतो, "आज किती पडले?"

"बावीस."

"शिडीवरून?"

"चार शिडीवरून. एक घोड्यावरून. एक गच्चीतल्या बर्फावरून. बाकी गाडीत."

"सांभाळून राहायला सांग गं त्यांना," असं म्हणून तो चहा ठेवायला जातो. आमचा संसार याच संवादावर चालला आहे, आणि बरा चालला आहे.

पहिली दोनतीन वर्षं मला त्या पडणाऱ्या माणसांचं वाईट वाटायचं. कुणी म्हातारे गृहस्थ दिवाळीसारख्या कसल्याशा सणाच्या माळा लावताना शिडीवरून खाली आले, की मी विचार करत बसायची, घरात कोण होतं, कुणी धावलं का, माळा शेवटी कुणी लावल्या. आता तसं होत नाही. आता डोळे थेट तीन गोष्टी शोधतात. कुठला मणका, कसा मोडला, ही कितवी भेट. सापडलं की पुढची पाठ. माझी स्वतःची मान मात्र या सगळ्यात डावीकडे वळेनाशी झाली आहे. डावीकडून कुणी हाक मारली तर मी खुर्चीसकट वळते. सोसायटीतल्या बायकांना वाटतं, मला गर्व आला.

आता वाचकांना एवढंच शिकवते, यापुढे काही शिकवणार नाही. पाठीच्या वरच्या भागाला लागलं तर आमच्याकडे तीन घरं असतात. एस बावीस म्हणजे हाड मोडलं. एस तेवीस म्हणजे सांधा निखळला किंवा लचकला. आणि एस चोवीस म्हणजे हाडाच्या आतून जी मज्जारज्जू जाते, मेंदूचे निरोप पायापर्यंत नेणारी, तिला इजा झाली. बावीसवाला माणूस तीन महिने पट्टा बांधतो आणि बहुतेक वेळा उठून कामाला लागतो. चोवीसवाल्याचं काही सांगता येत नाही. बस्स, धडा संपला.

माझा थोरला भाऊ, दादा, चारकोपला राहतो आणि शाळेची बस चालवतो. अठ्ठावीस वर्षं चालवतोय. आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते जे घरात बसले ते दादाने पाहिलं, आणि काहीही झालं तरी आपण घरात बसायचं नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं असावं. ताप असला तरी बसवर जातो. पोरं त्याला बसकाका म्हणतात. ज्या पोरांना त्याने शिशुवर्गात उचलून पायरीवर चढवलं, त्यांतली काही आता आपल्या पोरांना त्याच बसमध्ये चढवायला येतात, आणि हे तो मला दर दिवाळीला नव्याने सांगतो.

फेब्रुवारीत हा गृहस्थ माळ्यावरची गादी काढायला प्लास्टिकच्या स्टुलावर चढला. स्टुलाने आधी एक पाय दिला, मग राजीनामा. दादा उताणा पडला आणि वरून गादी त्याच्यावर पडली. वहिनी म्हणाली, गादी आधी पडली असती तर काही झालं नसतं.

मला फोन आला तेव्हा मी खरंच घाबरले. पण चौदा वर्षांची सवय. रिक्षात बसल्या बसल्या डोक्यात कोड सुरू. स्टूल हे खुर्चीत मोडतं की इतर फर्निचरमध्ये? इतर फर्निचरमध्ये. पडण्याची जागा कुठली? तिथे आमच्या यादीत घराच्या प्रत्येक खोलीला वेगळा आकडा आहे. झोपायची खोली, जेवायची खोली, गॅरेज, पोहण्याचा तलाव. दादाच्या चारकोपच्या घरात एकच खोली आहे आणि पुढे स्वयंपाकघर. ती खोली रात्री झोपायची असते, दुपारी जेवायची, आणि पाहुणे आले की हॉल. दादा पडला सव्वाअकराला. म्हणजे तेव्हा ती नक्की कुठली खोली होती, यावर मी ऐरोलीच्या फाट्यापासून पवईपर्यंत विचार केला. भाऊ हॉस्पिटलात आहे आणि बहीण हे ठरवतेय. मला माझीच लाज वाटली, पण पवईनंतर.

बोरिवलीतल्या एका हॉस्पिटलात त्याला नेलं होतं. फोटो काढले, एमआरआय झाला. सहावा मणका पुढून दबला होता. आपले डॉक्टर त्याला डी सहा म्हणतात, तिकडचे टी सहा, मणका तोच. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, तीन महिने आराम. आठवडाभराने घरी सोडलं.

तीन महिने दादा पट्ट्यात. ज्या माणसाला अर्धा तास रिकामं बसता येत नाही, तो भिंतीला टेकून टीव्हीवर दुसऱ्यांची शेती पाहत होता. मी रविवारी जायची. तो एकच गोष्ट विचारायचा.

"शाळा कधी उघडता?"

"तुला माहीत नाही होय? जूनच्या मध्यावर."

"तोवर माका सोडतले मां?"

"सोडतील रे."

दादा आणि मी आपापसांत कधी मालवणी, कधी मुंबईचं बोलतो. काळजी असली की तो मालवणीत जातो. त्या तीन महिन्यांत तो मालवणीतच होता.

मेच्या शेवटी पट्टा निघाला. शाळेला बस पुरवणाऱ्या कंत्राटदाराने एक फॉर्म पाठवला. दुखापतीनंतर चालकाला परत स्टिअरिंगवर बसवायचं तर त्यांच्या डॉक्टरची मंजुरी लागते. फॉर्ममध्ये एक रकाना होता, आजाराचा कोड. वहिनीचं अक्षर सुंदर आहे. ती बोलते कमी, पण कुठलाही फॉर्म तिच्या हातात द्यावा. तिने हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावरच्या छोट्या चौकटीतला कोड जसाच्या तसा उतरवला. कंत्राटदाराच्या डॉक्टरने तो फोनवर शोधला आणि फॉर्मवर लाल पेनाने लिहिलं, वाहन चालवण्यास अपात्र. वर तोंडी निरोप, काका जुने आहेत, त्यांना घरी बसवणार नाही. शाळेच्या गेटवर उभं राहू दे, आईबापांचे पास तपासू दे.

दादाचा फोन आला तेव्हा मी केंटकीतल्या एका पाठीत होते.

"ह्या कागदान माझी वाट लावली," तो म्हणाला. "माझी बस माझ्यासमोरून जातली आणि मी गेटवर बाहुल्यासारखो उभो. तू काय ता कर, गो. तुझाच काम मां ह्या?"

"फोटो पाठव कार्डाचा."

फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला. मजकुरात स्पष्ट लिहिलं होतं, डी सहा मणक्याचं दाबाने झालेलं फ्रॅक्चर, मज्जारज्जूला इजा नाही, पायांची ताकद व संवेदना व्यवस्थित. आणि खाली चौकटीत कोड होता एस चोवीस.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. अतोनात झाला. चौदा वर्षांत माझ्या माहेरच्या एकाही माणसाला मी काय करते ते कळलेलं नाही. वडील जाईपर्यंत मला हॉस्पिटलातली टायपिस्ट समजत होते. एक मावशी दर लग्नात मला गुडघा दाखवते. आणि आज, अखेर, या कुटुंबाला एक कोडर पाहिजे होती. शाळा उघडायला अकरा दिवस होते. मी टीम लीडला मेसेज केला, घरी अडचण आहे, उद्या सुट्टी. मग मी केंटकीच्या माणसाची पाठ चटकन मिटवली.

दुसऱ्या दिवशी साडी नेसून गेले. कोडर साडी नेसून गेली तर तिचं ऐकतात असा माझा समज आहे. त्याला आधार काही नाही.

हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग तळघरात होता, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. भिंत गरम आणि सगळ्या फायलींना साबणाचा वास. तिथे एक गृहस्थ बसले होते, निवृत्तीला आलेले, मराठवाड्याकडचे असावेत बोलण्यावरून. समोर फायलींचा डोंगर, त्यापुढे डबा. मी कार्ड दाखवलं.

"हा कोड चुकलाय."

त्यांनी चष्मा वर केला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी कोडर आहे."

"कुठं?"

"घरी. म्हणजे अमेरिकेसाठी."

त्यांनी माझ्याकडे, माझ्या साडीकडे आणि परत माझ्याकडे पाहिलं. "मग आमचं कशाला बघताय? तिकडचं झालं का सगळं?"

"हे हाड आहे. एस बावीस पाहिजे. तुम्ही चोवीस लिहिलंय, चोवीस म्हणजे मज्जारज्जू. मजकुरात डॉक्टरांनी साफ लिहिलंय की तिला काही झालेलं नाही."

"मजकूर कोण वाचतं, ताई," ते म्हणाले, आणि इतकं थकून म्हणाले की मला वाटलं मीच बोलले. मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद चिकटवला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. चाळीसेक कोड. पुढे सोप्या भाषेत नावं. ताप, जुलाब, हातपाय मोडणे, बाळंतपण. पाठीला त्यात दोनच ओळी होत्या: 'पाठ, खालची' आणि 'पाठ, वरची'. वरचीच्या पुढे एस चोवीस.

"हा कुणी केला?"

"माझ्या आधी एक बाई होत्या त्यांनी. दिवसाला दीडशे कार्डं सोडायची असतात हो. पुस्तक आहे, ते बघा." पुस्तक टेबलाच्या तुटक्या पायाखाली... नाही, तेवढं नको, खोटं बोलणार नाही. पुस्तक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे होती. "आजवर कुणी आलं नाही तक्रार घेऊन. मी अठरा वर्षं इथे आहे. वरच्या पाठीला हाच कोड."

अठरा वर्षं. बोरिवलीत वरून पडलेला, वरची पाठ आखडलेला, झोपेत मान अवघडलेलासुद्धा, प्रत्येक माणूस कागदावर मज्जारज्जू तुटून घरी गेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. मला हसू आवरेना. त्यांनाही थोडं आलं. त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली, मी चिमूटभर घेतली. मग मी म्हणाले, "बदलून द्या ना आता. दोन मिनिटांचं काम आहे."

"तसं नाही चालणार."

"का?"

"डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी कार्डावर पेन लावत नाही. लावला तर उद्या तुमच्यासारखीच कुणीतरी येऊन विचारेल, हे कुणाच्या सांगण्यावरून बदललं?"

हाच माझाही नियम आहे. गेली चौदा वर्षं मी नव्या पोरींना हेच घोकायला लावते: डॉक्टरने लिहिलं नाही ते तुम्ही लिहायचं नाही, शंका असेल तर डॉक्टरला विचारा. मी तळघरात माझ्याच नियमासमोर उभी होते आणि नियमाला बनियनचा वास येत होता.

"डॉक्टर उद्या ओपीडीत आहेत," ते म्हणाले. "पेशंटला घेऊन या. लिहून आणा, मी दोन मिनिटांत बदलतो."

आता इथे माझ्या धंद्यातली एक पद्धत सांगायला हवी. कोडरने डॉक्टरला प्रश्न विचारायचा तर तो कसाही विचारता येत नाही. 'अमुक नाही ना? मग अमुक लिहा' असं म्हणायची बंदी आहे. त्याला डॉक्टरच्या तोंडी उत्तर घालणं म्हणतात, आणि ते केलं तर नोकरी जाऊ शकते. प्रश्न कोरा ठेवायचा, खाली पर्याय द्यायचे: आहे, नाही, आणि तिसरा, सांगता येत नाही. तिसरा द्यावाच लागतो. मी या प्रश्नांत पटाईत आहे. माझे प्रश्न आमच्याकडे नमुना म्हणून दाखवतात.

त्या संध्याकाळी मी दादाच्या डॉक्टरसाठी प्रश्न तयार केला: मज्जारज्जूला इजा आहे का? मराठीत आणि इंग्रजीत. ठळक अक्षरांत. नवऱ्याने वाचला.

"अगं, सरळ सांग ना, चोवीस काढा आणि बावीस लिहा."

"तसं चालत नाही."

"तुझ्या अमेरिकेत चालत नसेल. बोरिवलीत चालेल."

"पद्धत म्हणजे पद्धत," मी म्हणाले. शेजारच्या दुकानातून दोन प्रती काढून आणल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ओपीडीत बसलो. दादा इस्त्रीच्या शर्टात. त्याने सकाळीच बसच्या क्लीनरला फोन करून सीटचं कव्हर बदलायला सांगितलं होतं, म्हणजे त्याच्या मनात तो कधीच गेटवरून बसमध्ये चढून बसला होता. वहिनी मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन, पिशवीत सगळी फाइल. दोन तास बसलो. माझ्या डावीकडे दादा होता, त्यामुळे तो काही बोलला की मला बाकासकट वळता येईना. मी नुसतं हं हं करत होते.

"लिवन देतले मां?" त्याने चारदा विचारलं.

"देतील. चूक त्यांचीच आहे."

"अकरा दिवस रवले हत."

"नऊ."

"नऊ," तो म्हणाला.

आत गेलो. डॉक्टर चाळिशीचे, चेहरा दुपारच्या दोनचा. आमच्यामागे बाहेर अजून तीसेक माणसं होती. मी कार्ड पुढे केलं आणि थोडक्यात सांगितलं. ते मजकूर वाचून मोकळेपणी हसले.

"हो की. हे हाडच आहे. चोवीस कुठून आला?"

"तळघरातून," मी म्हणाले.

"द्या इकडे. कोड चुकला असं लिहितो, सही करतो. झालं?"

त्यांनी पेन उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी सांगते, तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी तुम्हाला माझ्या पराक्रमाची कहाणी म्हणून सांगितली असती.

पण माझ्या पर्समध्ये प्रश्न होता. दोन भाषांत, ठळक अक्षरांत.

"नुसती सही नको, डॉक्टर," मी म्हणाले. "उद्या कंत्राटदाराचा डॉक्टर म्हणेल, कशावरून बदलला. हे घ्या. यात तीन पर्याय आहेत. तुम्ही एकावर खूण करायची, मी काही सुचवत नाही."

त्यांनी कागद घेतला. वाचला. भुवया वर गेल्या. "कुणी बनवलं हे?"

"मी."

"चांगलं आहे." मी फुलले. "पण हा तिसरा पर्याय, सांगता येत नाही, हा का?"

"द्यावा लागतो. पद्धत आहे."

"हं," ते म्हणाले. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "नाहीवर खूण करायची तर मला आज विचारायला हवं ना. कार्डावर लिहिलंय ते फेब्रुवारीचं. दबलेलं हाड नंतर मागे सरकू शकतं, आत मज्जारज्जूला जागा कमी पडते. आणि हे तर शाळेची बस चालवणार." ते दादाकडे वळले. "या, बसा इथे. पायांत मुंग्या येतात?"

"नाय."

"बधिरपणा?"

"नाय."

"रात्री पाय जड वाटतात? आखडतात?"

"नाय. नाय. माका काय एक झाला नाय, डॉक्टर." शाळेत हजेरी देतात तसं, पटापट.

"चालताना जमीन नीट कळते? उजवा पाय? ब्रेकवर पाय किती दाबला गेला ते पायालाच कळायला हवं, काका, डोळ्यांनी बघून नाही चालत. मागे पोरं असतात."

"सगळा कळता," दादा म्हणाला. "एकदम झकास आसा."

डॉक्टरांनी परत पेन उचललं. माझ्या कागदावरच्या दुसऱ्या चौकटीशी, नाहीच्या चौकटीशी, नेलं. मी माझी ठळक अक्षरं पाहत होते. दादा त्या पेनाकडे पाहत होता. त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि उजवा हात मांडी हळूहळू चोळत होता, हे मला तेव्हा दिसलं. बावीस अमेरिकन रोज वाचणाऱ्या बाईला, शेजारी बसलेल्या भावाचा हात तेव्हा पहिल्यांदा दिसला.

वहिनी इतका वेळ पिशवी धरून दारापाशी उभी होती. डॉक्टरांसमोर ती कधी बोलत नाही. पहिल्या बाळंतपणातसुद्धा बोलली नव्हती असं दादा सांगतो. तिला बहुतेक डॉक्टरांच्या प्रश्नांचा पुरता अर्थही लागला नसेल. तिच्या डोक्यात चार दिवसांचा नुसता राग साठला होता, आणि नवरा डॉक्टरांसमोर साफ खोटं बोलतोय एवढंच तिला कळलं.

"अहो, मग शनिवारी उजव्या पायातली नवी चप्पल बाजारात पडली, तसेच अनवाणी घरापर्यंत चालत आलात, आणि दारात मी सांगितलं तेव्हा कळलं तुम्हाला, ते काय होतं?"